हायब्रीड लेन्स : कोणत्या डोळ्याला मानवते, कोणत्या नाही

हायब्रीड हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. हायब्रीड ज्वारी, हायब्रीड बाजरी, हायब्रीड टोमॅटो असे म्हणता म्हणता तो बांधाबांधावर पोचला आणि मराठीच होऊन गेला. त्यामुळे शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात एखाद्या पोराला 'हायब्रीड लेन्स बसवावी लागेल' असे सांगितले, की घरची माणसे ती चिठ्ठी कृषी खात्याच्या माणसापुढेही धरतात. "साहेब, हे कसलं हायब्रीड?" असा प्रश्न अलीकडे गावभेटीत कानावर येऊ लागला आहे. विषय डोळ्यांच्या डॉक्टरांचा आहे आणि शेवटचा शब्द त्यांचाच. पण शब्द आमच्या खात्यातला असल्याने निदान त्याचा अर्थ तरी नीट सांगणे भाग आहे. शिवाय या लेन्सचा संबंध ज्या दुखण्याशी येतो ते दुखणे खेड्यात बऱ्यापैकी आहे, आणि ते ओळखायला आपण फार उशीर करतो.

या लेन्समध्ये दोन जातींचा संकर वगैरे काही नाही. शेतीच्या भाषेत सांगायचे तर हे कलम आहे. आंब्याच्या कलमात खुंट एका झाडाचा आणि डोळकाडी दुसऱ्याची असते, जोड मात्र एकजीव होतो. तसा या लेन्सचा मधला गोल भाग कडक प्लॅस्टिकचा आणि त्याच्याभोवतीचा घेर मऊ असतो. कडक भाग साधारण साडेआठ मिलिमीटरचा, घेरासकट सगळी लेन्स साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि आपण ढोबळपणे बुबुळच म्हणतो, तो सुमारे साडेअकरा-बारा मिलिमीटरचा असतो. म्हणजे लेन्सची मऊ किनार बुबुळाच्या बाहेर, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येऊन टेकते.

कडक आणि मऊ एकत्र कशाला?

नजर स्पष्ट दिसायला कॉर्नियाचा पृष्ठभाग घोटीव असावा लागतो. तो सगळीकडे सारखा गोल असला तर सिलेंडरचा नंबर नाही. एका दिशेने जास्त वळलेला असला तर सिलेंडरचा नंबर लागतो, आणि तो चष्म्याने जातो. पण पृष्ठभाग उंचसखल, वाकडातिकडा असला तर चष्म्याची काच काही करू शकत नाही. चढउताराच्या रानाला एकच पाट काढून पाणी बसत नाही, तसाच हा प्रकार.

अशा डोळ्यावर मऊ लेन्स बसवली, तर ती ओल्या फडक्यासारखी त्याच उंचसखल भागावर पसरते. खाली खड्डा असला तर वरही खड्डाच. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि कॉर्नियाच्या मधल्या जागेत अश्रूंचा पातळ थर साठतो, तो खड्डे भरून काढतो आणि वरून लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. जमिनीचे सपाटीकरण करावे तसे हे डोळ्याचे सपाटीकरण, फक्त मातीऐवजी अश्रूंचे. म्हणून वाकड्या कॉर्नियासाठी कडक लेन्स फार पूर्वीपासून वापरतात. चष्म्याच्या दुकानात तिला 'सेमी-सॉफ्ट' म्हणतात. नावावर जाऊ नये, ती कडकच असते.

कडक लेन्सची अडचण घालणाऱ्याला विचारा. पहिले काही दिवस ती खुपते. पापणीच्या हालचालीबरोबर ती डोळ्यात सरकते, आणि सरकते म्हणून धुळीचा कण सहज खाली शिरतो. मळणीयंत्रापाशी किंवा मोटारसायकलवर असा कण गेला की माणूस जागेवर डोळा धरून बसतो. कधी लेन्स उडूनही पडते, आणि ढेकळांत पडलेली लेन्स सापडत नाही. मऊ लेन्सला हा त्रास कमी, ती जागेवर बसते. मग मधे कडक भागाची नजर आणि कडेला मऊ भागाचा आराम असे जोडकाम करावे, ही कल्पना पुढे आली.

कल्पना चांगली होती, पण ती साधायला वेळ लागला. 1980 च्या दशकात अमेरिकेत सॅटर्न आणि नंतर सॉफ्टपर्म या नावाच्या अशा लेन्स निघाल्या. त्यांत दोन दोष होते. कडक आणि मऊ भागांचा जोड फाटायचा, आणि लेन्समधून हवा पुरेशी जात नसे. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंमार्फत घेतो. हवा कोंडली की कॉर्निया सुजतो आणि कडेने त्यात रक्तवाहिन्या शिरू लागतात. पाणी साचलेल्या रानात मुळे गुदमरतात हे आपल्याला ठाऊक आहेच. पुढे 2005 मध्ये सिनर्जआइज नावाची, हवा बरीच जास्त जाऊ देणारी हायब्रीड लेन्स अमेरिकेत मंजूर झाली. नंतरच्या लेन्समध्ये मऊ घेरासाठीही सिलिकॉन हायड्रोजेल हे जास्त हवा जाऊ देणारे द्रव्य आले. आज हायब्रीड म्हणून बसवतात त्या या नव्या पिढीतल्या लेन्स.

ट्यूबला फुगा येतो तसे

ही लेन्स ज्या डोळ्यांसाठी सर्वांत जास्त सुचवली जाते त्यांच्या दुखण्याचे नाव केराटोकोनस. निरोगी कॉर्निया मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. या दुखण्यात तो पातळ होत जातो आणि आतल्या दाबाने शंकूसारखा पुढे येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबला पातळ जागी फुगा येतो, हुबेहूब तसे. सुरुवात बहुधा वयाच्या पंधरा ते पंचवीस या काळात होते आणि तिशी-चाळिशीपर्यंत दुखणे वाढत राहते. म्हणजे शिकण्याची, नोकरी शोधण्याची, ट्रॅक्टर हाती घेण्याची नेमकी तीच वर्षे.

हे शहरी दुखणे आहे असे कोणी समजू नये. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासून एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 2.3 टक्के लोकांच्या कॉर्नियाचा बाक केराटोकोनसच्या मर्यादेत आढळला. मोजणी फक्त बाकावरून केली होती, त्यामुळे त्यातल्या प्रत्येकाला पुरते दुखणे होते असे म्हणता येणार नाही. तरी हजार माणसांत तेवीस हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आपल्या गावची मतदारयादी डोळ्यांपुढे आणा म्हणजे अंदाज येईल.

कारणांमध्ये काही भाग घराण्याचा आहे. एका भावाला असेल तर दुसऱ्याचे डोळे तपासून घ्यावेत. पण आपल्या हातात असलेले मोठे कारण म्हणजे डोळे चोळणे. ॲलर्जीने डोळ्याला खाज सुटते, मूल मुठीने, मनगटाने खसाखसा डोळे चोळते, आणि आधीच कमकुवत असलेला कॉर्निया आणखी सैल पडतो. आपल्याकडे खाजेला निमित्तांची कमी नाही. भुसा, मळणीची धूळ, गाजरगवताचा फुलोरा. बांधावरचे गाजरगवत फुलोऱ्याआधी उपटा असे आम्ही पिकासाठी सांगतो. घरात डोळे चोळणारे पोर असेल तर तेही एक कारण धरा. आणि खाज सारखीच राहत असेल तर त्यावर औषध आहे, ते डॉक्टरांकडून घ्यावे. मेडिकलमधून मनाने आणलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉईड असते. खाज लगेच थांबते म्हणून ते महिनोन्महिने घातले, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदू लवकर येतो तो वेगळाच.

ओळखायचे कसे? चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, सिलेंडर वाढत जातो, आणि नवा चष्मा लावूनही पोरगा म्हणतो, "अजून नीट दिसत नाही." रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरलेला दिसतो. एक डोळा झाकला तरी उरलेल्या एकाच डोळ्याला अक्षराची सावली, दोन-दोन अक्षरे दिसतात. अशा पोराला घरी काय ऐकावे लागते ते आपण जाणतो. अभ्यासाचा कंटाळा, मोबाईलचा नाद, काहीतरी निमित्त! आईबाप दुकान बदलतात, चष्मा बदलतात, आणि दोन-तीन वर्षे अशीच जातात.

खात्रीची तपासणी म्हणजे कॉर्नियल टोपोग्राफी. पाणलोटाच्या कामात आपण समपातळी रेषांचा नकाशा काढतो. ही तपासणी म्हणजे बुबुळाचा तसाच रंगीत नकाशा. चढाचा भाग लाल, उताराचा निळा. सुई नाही, दुखत नाही, काही मिनिटांत होते. मात्र हे यंत्र मोठ्या नेत्र रुग्णालयात असते, साध्या चष्म्याच्या दुकानात नसते.

आधी बांध घाला, मग सपाटीकरण

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे आणि तोच बहुतेकांच्या लक्षातून निसटतो. हायब्रीड लेन्स हे केराटोकोनसवरचे औषध नाही. ती घातली की दिसते, काढली की डोळा पुन्हा जिथल्या तिथे. लेन्सच्या खाली दुखणे वाढत असेल तर ते वाढतच राहते, आणि लेन्समुळे छान दिसत असल्याने उलट कळत नाही.

दुखणे थांबवण्यासाठी वेगळा उपचार आहे. त्याला आपल्याकडे सी-थ्री-आर म्हणतात. कॉर्नियावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचे थेंब घालतात आणि त्यावर ठराविक मात्रेत अतिनील किरण सोडतात. त्याने कॉर्नियातले धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात ही पद्धत विकसित झाली, 2003 मध्ये तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि आता भारतातही ती बऱ्याच ठिकाणी होते. मूळ पद्धतीने साधारण तासाभराचे काम आहे. याने दुखणे बहुतेकांत जागेवर थांबते, गेलेली नजर मात्र पुरती परत येत नाही. म्हणून लवकर केलेले बरे. शिवाय नेहमीच्या पद्धतीसाठी कॉर्निया सुमारे 400 मायक्रॉन तरी जाड शिल्लक असावा लागतो. फार पातळ झाल्यावर गेलात तर तो मार्ग अवघड होतो आणि शेवटी नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

तेव्हा कोणी लेन्स सुचवली, तर पहिला प्रश्न हा विचारावा : "डॉक्टर, दुखणं वाढतंय का थांबलंय?" वाढत असेल तर आधी बांध, मग सपाटीकरण. पैसे एकाच कामाला पुरणार असतील, तर माझ्या मते ते तरुण वयात आधी सी-थ्री-आरवर घालावेत. चार-सहा महिने कमी दिसले तरी चालेल, बुबुळ टिकले पाहिजे.

कुणाला लागू पडते

दुखणे सुरुवातीच्या किंवा मधल्या टप्प्यावर आहे, चष्म्याने भागत नाही, आणि कडक लेन्स खुपते म्हणून किंवा धुळीमुळे टिकत नाही, त्यांच्यासाठी हायब्रीड लेन्सचा विचार करतात. चष्मा घालवण्याच्या लेझर ऑपरेशननंतर क्वचित कोणाचा कॉर्निया असाच पुढे येतो, त्यालाही ती उपयोगी पडू शकते. सिलेंडरचा नंबर मोठा आहे, मऊ लेन्स डोळ्यात फिरून नजर हलती राहते, अशा निरोगी डोळ्यांनाही ती बसवतात. चाळिशीच्या नंबरासाठी जवळचे-दूरचे दोन्ही दाखवणारा प्रकारही आहे, पण चाळिशीला आपला चष्मा बरा. उगीच खर्च कशाला?

उसाचे पाते लागून, काटा लागून बुबुळावर व्रण राहिलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. व्रण कडेला असेल, पारदर्शकपणा शाबूत असेल आणि फक्त पृष्ठभाग वाकडा झाला असेल, तर कडक पृष्ठभागाची लेन्स फायदा देते. पण मधोमध पांढरे फूल पडले असेल तर कोणतीही लेन्स त्यातून उजेड आत नेऊ शकत नाही. हे आधी तपासून घ्यावे, नाहीतर खर्चही होतो आणि आशाही मोडते. बुबुळाचे कलम झालेल्यांनाही कधी कधी अशी लेन्स देतात, मात्र त्या कॉर्नियाला हवा कमी पडणे सोसत नाही, तेव्हा ते डॉक्टरांच्या सक्त देखरेखीखाली.

शंकू फार पुढे आला असेल किंवा मधे नसून खाली सरकलेला असेल, तर हायब्रीड लेन्स नीट बसत नाही. त्यांच्यासाठी स्क्लेरल नावाची मोठी कडक लेन्स असते. ती बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते आणि तिच्या वाटीत निर्जंतुक सलाईन भरलेले असते. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथे या प्रकारच्या लेन्सची सोय आहे. डोळे फार कोरडे असतील तर हायब्रीडपेक्षा तीच बरी पडते. डोळा लाल आहे, चिकट येतो आहे, खाज जोरात आहे, अशा दिवसांत कोणतीच लेन्स नको.

आणि चष्म्याने स्पष्ट दिसते त्याने या फंदात पडू नये. हायब्रीड लेन्सची किंमत साध्या मऊ लेन्सच्या कित्येक पट असते. मापे घ्यायला एकापेक्षा जास्त फेऱ्या होतात, आणि साधारण सहा महिन्यांनी नवी लागते. एकदा घेतली आणि झाले, असा हा व्यवहार नव्हे. लग्न जमेपर्यंत चष्मा दिसू नये म्हणून ही लेन्स मागणारी मंडळी आहेत. त्यांनी ते पैसे ठिबकात घालावेत.

शेतातला डोळा

लेन्सचा मोठा शत्रू पाणी आहे. ऐकून नवल वाटेल, पण लेन्स पाण्याने धुवायची नसते. नळाचे, विहिरीचे, गाळलेले, उकळलेले, बाटलीतले, कसलेही नाही. माती आणि पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. तो लेन्सला चिकटून बुबुळात शिरला तर होणारा जंतुसंसर्ग फार वेदनेचा आणि महिनोन्महिने चालणारा असतो. नजरही जाऊ शकते. लेन्स घालून विहिरीत उडी, कालव्यात पोहणे, शेततळ्यात उतरणे बंद. वारीला जाणाऱ्याने चंद्रभागेत उतरण्याआधी लेन्स काढून ठेवावी. लेन्ससाठी दवाखान्यातून सांगितलेलेच द्रावण रोज ताजे घ्यायचे, कालचे ओतून द्यायचे. डबी तीन महिन्यांनी बदलायची. रात्री लेन्स घालून झोपायचे नाही. रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला जाणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो, कारण बांधावर डुलकी लागते.

हात साबणाने धुऊन, फडक्याला न पुसता स्वच्छ कपड्याने कोरडे करून मगच लेन्सला लावावेत. हायब्रीड लेन्स वाटीत सलाईन भरून, मान खाली घालून बसवतात. काढताना बोटे कोरडी हवीत, ओल्या बोटांतून तिची मऊ किनार निसटते. मिरची तोडून आल्यावर तर साबणाने दोनदा हात धुतले तरी त्याच दिवशी डोळ्याला हात लावायची घाई करू नये. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा!

फवारणीचे काय, हे विचारले जाणारच. लेन्स म्हणजे गॉगल नव्हे. तिच्या मऊ भागात औषध मुरून डोळ्याला लागून राहू शकते. म्हणून फवारणीचे काम लेन्स घालणाऱ्याने शक्यतो दुसऱ्याकडे द्यावे, आणि करावेच लागले तर चारी बाजूंनी बंद असलेला गॉगल लावूनच. द्राक्षवाल्यांनी बोर्डो मिश्रण कालवतानाही हेच पाळावे, कारण चुना डोळ्याला आम्लापेक्षा वाईट. काही उडालेच तर जागेवर भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि धुता धुताच लेन्स काढून टाका. अशा वेळी पाणी चालते, लेन्स गेली तरी चालेल. नंतर औषधाच्या डब्याचे लेबल घेऊन दवाखाना गाठा. लेन्स असो वा नसो, पाते किंवा काडी डोळ्यात लागली आणि दुसऱ्या दिवशी डोळा लाल, दुखरा राहिला, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तिथे मनाने थेंब घालण्याने डोळे गेलेले आहेत.

शाळा आणि ग्रामपंचायत

लेन्स ही नंतरची गोष्ट, पोर वेळेवर सापडणे आधीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे आणि त्याचे पथक शाळा-अंगणवाड्यांत येते. नजर कमी असलेली मुले शोधणे हे त्याच्या कामात आहेच. गुरुजींनी पथकापुढे फळा न दिसणारी मुले तर उभी करावीतच, पण चष्मा असूनही न दिसणारी आणि सारखे डोळे चोळणारी मुले वेगळी दाखवावीत. सरपंच, ग्रामसेवकांनी त्या दिवशी शाळेत एक चक्कर मारली आणि पुढे पाठवलेल्या मुलांची यादी मागून घेतली, तर कोण दवाखान्यात गेले आणि कोण राहिले हे महिन्याने विचारता येईल. आशाताईंकडेही ती यादी असू द्यावी. कॉलेजला जाणारी, आयटीआय करणारी मुले मात्र या पथकाच्या नजरेतून सुटतात आणि दुखणे वाढण्याचे वय तेच. त्यांना घरच्यांनीच ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे न्यावे आणि तिथून टोपोग्राफीसाठी चिठ्ठी घ्यावी.

जाताना चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या असतील तेवढ्या सगळ्या बरोबर घ्या, फाटक्या असल्या तरी. नंबर किती वेगाने बदलला हे त्यावरूनच कळते. आणि जो आधीच लेन्स वापरतो त्याने तपासणीआधी काही दिवस ती काढून ठेवायची असते, नाहीतर लेन्सच्या दाबाने बुबुळाचा नकाशा चुकीचा निघतो. किती दिवस, ते वेळ ठरवताना दवाखान्यातच विचारून घ्यावे.